पाठमोऱ्या चित्ररथाबाबत जगदंबेचरणी अर्ज

अर्जदार: मी स्वतः, व्यवसायाने अर्जनवीस, राहणार पूनम सागर, मीरा रोड.
गैरअर्जदार: शोभायात्रा समितीचे अध्यक्ष जयवंतभाऊ, आणि, क्षमा असावी, आई, तू.
दिनांक: यंदाचा गुढीपाडवा, सकाळ.
साक्षीदार: माझी पत्नी सौ. सुमन आणि एक टेम्पोचालक, नाव अज्ञात.

सविनय परंतु संतापाने निवेदन करतो की, सौ. सुमनला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डाव्या पायात बळ परतेल अशी ग्वाही डॉक्टरांनी दिली नव्हती. तिने तुला नवस केला: पाडव्याच्या शोभायात्रेत देवळापर्यंत स्वतःच्या पायांनी चालेन. माझा तिच्या पायावर भरवसा नव्हता. तुझ्यावरही नव्हता, हे येथे नमूद करतो. तरीही तुझा चित्ररथ स्वहस्ते बांधण्याचे मी ठरविले.

काशीमीऱ्याच्या गोदामात डेकोरेटर दत्ताकडे मी बांबू बांधायला, प्लायवूड कापायला, थर्माकोलचा कळस कोरायला शिकलो. टेम्पोवर तुझी बैठक बसविण्याची वेळ आली, तेव्हा देवीचे मुख पूर्वेलाच हवे, असा मी आग्रह धरला. दत्ता म्हणाला, "काका, टेम्पो म्हणजे देऊळ आहे काय? तो वळणार!" मी शास्त्राधार सांगून त्याला गप्प केले. गोदामात टेम्पोचे तोंड पश्चिमेला होते; तशीच बैठक वेल्डिंग करून पक्की झाली. पाडव्याला टेम्पो रस्त्याला लागला आणि तुझे मुख मागे! शास्त्र माझ्या बाजूला होते, रस्ता नव्हता.

अध्यक्ष भर चौकात, ढोलपथकासमोर म्हणाले, "अर्जनवीस, देवी रुसलीय वाटतं तुमच्यावर! पाठ फिरवून बसलीय. लावा हा रथ शेवटी, कचऱ्याच्या गाडीपुढे!" सारे हसले. मी जागच्या जागी निषेध नोंदविला. तो कोणी ऐकून घेतला नाही.

त्यात भर म्हणजे टेम्पोचालक रेंगाळू लागला. पुढचे पथक दूर गेले. मी ओरडलो, "अरे, आगे बढ ना!" त्याची नजर आरशातच. अखेर मी दारावर थाप मारली. तो म्हणाला, "चाचा, चिल्लाओ मत. पीछे देखो. चाची रुकती है तो मैं रुकता हूँ."

मी रथाच्या मागे जाऊन पाहिले. सुमन पुढे बायकांच्या घोळक्यात असेल, अशी माझी समजूत होती. ती सर्वांच्या मागे, एकटी, पाय ओढीत येत होती; आणि आई, तुझे मुख तिच्याकडे होते. बाकी कोणाहीकडे नव्हते.

"अहो, बाजूला व्हा ना," ती म्हणाली, "ती दिसत नाहीये मला."

मी बाजूला झालो. सुमनने देवळाच्या पायरीला हात लावला. मूर्ती उतरविल्यावर चालक प्रसाद घेऊन निघून गेला. लोकांच्या अर्जांत नावाचा रकाना मी आजवर कोरा सोडलेला नाही. त्याचे नाव मात्र विचारायचे राहिले.

माझी तक्रार एवढीच: तिला चालवायचेच होते, तर माझी चारचौघांत शोभा कशासाठी? आधी कळविले असतेस, तर मी आपण होऊन तुला मागे तोंड करून बसविले असते. विचाराअंती लिहितो, बसविले नसते. म्हणूनच तू मला विचारले नसावेस.

सबब, जयवंतभाऊंविरुद्धची तक्रार कायम ठेवून, तुझ्याविरुद्धची बिनशर्त मागे घेत आहे. पुढील पाडव्यास तुझे मुख कोणीकडे असावे, याचा खुलासा व्हावा, ही नम्र विनंती. उत्तर येईपर्यंत त्या बैठकीचे वेल्डिंग मी कोणालाही तोडू देणार नाही.

अर्जदार