विहीर कोरडी असल्याचा पुरावा

माझे नोकरीचे आयुष्य विहिरींच्या कठड्यांवर ओणवे होण्यात गेले. भूवैज्ञानिक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगरदऱ्या, हातोडी आणि चकाकणारे खडे येतात. माझ्या वाट्याला सोलापूर जिल्हा आला. येथे हातोडी मारली की निघतो तो काळा पाषाण. त्याच्या खाली तोच आणि त्याच्याही खाली तोच. या थरांपैकी कोणता पाणी धरतो व कोणता धरत नाही, एवढेच आम्ही सांगायचे. ते सांगता यावे म्हणून जिल्हाभरातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायची, असा शिरस्ता आहे. अशा विहिरीला खात्याच्या भाषेत निरीक्षण विहीर म्हणतात.

मोजण्याची रीत साधी आहे. पोलादी पट्टीच्या टोकाला खडू घासायचा, कठड्यावर रंगवलेल्या खुणेपासून पट्टी आत सोडायची आणि वर ओढून घ्यायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. करमाळ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत, सांगोल्यापासून अक्कलकोटच्या कानडी बोलणाऱ्या गावांपर्यंत मी हेच करीत हिंडलो. विहिरीतून उसळलेले पारवे माझ्या तोंडावर आदळले आहेत, आग्या मोहोळाने मला बाभळबनातून पळवले आहे. आणि जीप थांबली रे थांबली की गावातला कुणीतरी हसून विचारणारच, "साहेब, नारळ आनलाय का न्हाय? नारळाबिगर पानी कसं घावंल?" तळहातावर नारळ धरून पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासाठी गूळ-चहा आणि माझ्यासाठी हा प्रश्न, अशी त्या काळची वाटणी होती.

त्याचा राग मला कधी आला नाही. राग आला तो एकाच गोष्टीचा, आणि तो सेवानिवृत्तीनंतरही उतरलेला नाही. मोजणी ही साक्ष असते. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी तो जे पाहतो आहे त्याचे मूळ काय हे तपासल्याखेरीज त्याच्या साक्षीवर निवाडा देता येत नाही. आमच्या कित्येक निरीक्षण विहिरी या त्या त्या वस्तीच्या एकमेव सार्वजनिक विहिरी आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की तेथे टँकर सुरू होतो, आणि साठवणटाकी नसल्यामुळे टँकर ते पाणी विहिरीतच ओततो. बायका वेळ मिळेल तसे शेंदून नेतात. टँकर पाठवणारी कचेरी वेगळी आणि पातळी मोजणारे खाते वेगळे. एक ओतते, दुसरे मोजते. 'निरीक्षण विहिरीत टँकरचे पाणी ओतण्यास सक्त मनाई असावी' हे वाक्य मी सेवेत असताना जवळपास प्रत्येक वार्षिक अहवालात लिहिले. अहवालावर 'अवलोकन केले' असा शेरा पडे आणि अहवाल कपाटात जाई.

निवृत्तीनंतर मी सोलापूरजवळ कुंभारी गावाच्या पलीकडे घर बांधले. घरामागच्या वस्तीत राहणारी बहुतेक माणसे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत कामाला जातात. यंदाच्या उन्हाळ्यात, मार्चची मोजणी उरकून थोडे दिवस झाले असतील, त्या वस्तीतली एक बाई माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती टॉवेलांना काठ शिवण्याचे काम करते. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती.

"साहेब, तुमी पान्याचं साहेब हुता न्हवं?"

"होतो. आता निवृत्त आहे."

"मग आमचा टँकर का बंद केला ते सांगा की. कचेरीत गेलो, तर म्हनत्यात तुमच्या हिरीला पानी हाय. आवो, त्ये पानी तेंच्याच टँकरचं!"

मी तिला आणखी काहीही विचारले नाही. चप्पल पायात सरकवली आणि तिच्यामागून चालू लागलो. विहिरीच्या कठड्यावर आमच्या खात्याची रंगवलेली खूण होती. आत डोकावलो. तळाशी हिरवट चिखल होता, आणि मुरमाच्या थरातून जेथे पाझर फुटायला हवा तेथे भिंत खडखडीत कोरडी होती, क्षारांनी पांढरी पडलेली. म्हणजे सारे स्पष्ट झाले. मोजणीच्या आदल्या दिवशी ओतलेल्या टँकरच्या पाण्यात कुणा कर्मचाऱ्याने पट्टी बुडवली, खडू भिजला, नोंद झाली, नोंदीवरून पाणी असल्याचा दाखला निघाला आणि दाखल्यावरून टँकर थांबला. पाणी दिल्यामुळे पाणी बंद झाले!

त्याच दुपारी मी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. ज्याच्या विरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, हे नैसर्गिक न्यायाचे प्राथमिक तत्त्व आहे. सदर वस्तीतील एकाही रहिवाशाचे म्हणणे ऐकलेले नाही. सबब निर्णय रद्दबातल ठरवून स्थळपाहणी करावी. हे पत्र मी स्वतः नेऊन दिले व पोच घेतली. उत्तर आले. माझा अर्ज 'पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे' पाठवला होता. संबंधित म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मी तक्रार केली तेच. फिर्याद आरोपीच्याच हाती सोपवण्याची ही पद्धत ज्याने शोधून काढली असेल, त्याच्या थंडपणाला तोड नाही.

मग मी आमच्या जुन्या कार्यालयात गेलो. तिथला आजचा प्रमुख एके काळी माझ्या हाताखाली कनिष्ठ भूवैज्ञानिक होता. पट्टीला खडू कसा घासायचा हे त्याला मीच दाखवले होते.

"या सर, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. आपण दाखला दिलेली विहीर आपण पाहिली आहे काय?"

"सर, मला 'आपण' म्हणू नका. तुम्ही 'आपण' म्हणायला लागलात की समोरच्याला नोटीसच येते."

"पाहिली आहे काय?"

"कर्मचाऱ्यानं मोजलीय. पट्टी खोटं बोलत नाही, हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंत."

"पट्टी बोलतच नाही. भिंतीला पाझर आहे का, हे तिला दिसत नाही. ते पाहायला शासनाने माणूस नेमला आहे आणि त्याला पगार आहे."

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तो म्हणाला, "पुढची मोजणी मेअखेर आहे सर. तेव्हा दुरुस्त करून घेतो."

"आणि मेअखेरपर्यंत त्या बाळंतिणीने काय प्यायचे? तुमचा दाखला?"

त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी तो तसाच ठेवला. माझ्या अर्जाची आणखी एक प्रत त्याच्या टेबलावर ठेवून, संयुक्त पाहणीची तारीख लेखी मिळेपर्यंत मी उठणार नाही असे सांगितले. तारीख मिळाली. मी घरी येऊन वस्तीला कळवले. साहेब लोक येणार आहेत, विहीर आहे तशीच राहू द्या, एवढेच सांगितले. यात काही समजायला कठीण आहे, असे मला वाटले नव्हते.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या आधी पोहोचलो. विहिरीच्या कठड्यावर हळदकुंकवाची बोटे ओढलेली होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, विड्याची पाने. बाळंतीण नवे लुगडे नेसून बसली होती आणि तिच्या मांडीवरचे मूल उन्हाने डोळे बारीक करीत होते. मी आत पाहिले. तळाच्या दोन पायऱ्या बुडतील एवढे पाणी होते, आणि ते चमकत होते.

"हे काय?" मी विचारले. माझा आवाज चढला असावा, कारण मूल रडू लागले.

"लेकीला सव्वा म्हैना झाला, साहेब," ती बाई मोठ्या आनंदाने म्हणाली. "आज हीर पुजली. आता ती पान्याला हात लावाया मोकळी."

"पाणी कुठून आले?"

"टँकर आनला की काल, पदरचा! कोरड्या हिरीची वटी भरत्यात व्हय कुटं?"

"अहो बाई, आज पाहणी आहे म्हणून सांगितले होते ना?"

"म्हनूनच की! मोठी मानसं येनार, आन् आमची हीर बोडकी दाखवू व्हय? काय म्हनतील?"

मी कायद्याची पुस्तके पुष्कळ वाचली आहेत. फिर्यादीने स्वतःच्याच दाव्याविरुद्ध, सुनावणीच्या आदल्या दिवशी, पदरमोड करून पुरावा उभा केल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नव्हते. मी काही बोलणार, तोच जीप आली.

प्रमुख उतरला, कठड्याशी आला, आत पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. "सर, पाणी आहे की."

"आहे. ते जमिनीचे नाही."

"ते तुम्ही सांगताय. पंचनाम्यात मी काय लिहू?"

"खाली उतरा. भिंतीला हात लावा. मग लिहा."

तो इस्त्रीच्या कपड्यांत होता. तरी उतरला. मुरमाच्या थरावरून त्याने तळहात फिरवला, मग पुन्हा फिरवला. त्याच्या हाताला पांढरा क्षार लागला होता, ओल नव्हती. शिकलेले तो विसरला नव्हता, हे मला वरूनही दिसले. पण कोरडी भिंत म्हणजे कोरडी विहीर असा त्याच्या नमुन्यात रकाना नव्हता. मग मी त्याच्याकडून पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करून घेतली आणि जाहीर केले की कुणीही पाणी शेंदायचे नाही, आणि पंचनाम्यावर मी सही करीत नाही तोवर इथून कुणी हलायचे नाही. त्याने घड्याळ पाहिले. मी म्हणालो, अर्जदाराच्या गैरहजेरीत केलेला पंचनामा मी आव्हानित करीन. तो लिंबाच्या सावलीत बसला. बाईने सगळ्यांना पूजेचा प्रसाद दिला.

दुपार कलली. खडूची खूण पाण्याच्या वर दिसू लागली. आधी बोटभर, मग वीतभर. खालच्या पाषाणाच्या फटींतून ते पाणी निघून चालले होते, जसे याआधी टँकरचे निम्मे पाणी जात आले असेल.

"बाष्पीभवन असेल सर," तो म्हणाला. बहुधा मला चिडवण्यासाठी.

"ही विहीर आहे, परात नव्हे."

बाई कठड्यावर ओणवी होऊन खाली पाहत होती. तिचा चेहरा पडला. "म्हंजी आमचं समदं पानी खाली जातंय व्हय? आन् आमाला वाटायचं, शेजारनी शेंदून न्हेत्यात."

पंचनामा झाला. 'सदर विहिरीस नैसर्गिक पाझर आढळून आला नाही' असे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिले गेले आणि मी सही केली. टँकर पूर्ववत सुरू करण्याचा आदेश निघाला, आणि त्या आदेशाच्या शेवटी एक अट होती: निरीक्षण विहिरीत टँकरचे पाणी ओतण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. माझे वाक्य! इतक्या वर्षांनी, कचेरीच्या शिक्क्यासह. आदेशाची प्रत मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली.

त्यानंतर ती बाई पुन्हा फाटकाशी आली.

"साहेब, टँकर येतो दुपारचा. मी त्या वक्ताला मशिनीवर. लेकीनं कडेवर पोर घिऊन घागर उचलायची का? हिरीत वतत हुते तवा सांजचं येऊन शेंदत हुतो. तुमीच बंद केलं न्हवं त्ये?"

"विहिरीत ओतलेले निम्मे पाणी वाया जात होते, बाई. तुम्ही पाहिलेत."

"निम्मं ऱ्हायचं की! आता घरला येतो तर थेंब न्हाय."

याला कायद्यात उत्तर होते. मी साठवणटाकीसाठी अर्ज केला. टाकी पुरवणे हे कोणाचे कर्तव्य आहे, ते कलमानिशी दाखवले. टाकीच्या जागेबाबत अभिप्राय मागवला असल्याचे उत्तर आले. अभिप्राय कोणाकडून, हे मी पुन्हा विचारले आहे. तोवर टाकी नाही आणि विहीर बंद. म्हणून तिच्या घागरी मी घरी आणून ठेवल्या आणि दुपारी टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहू लागलो.

काल रांगेत माझ्या पुढच्या बाईने मला अडवले. "साहेब, तुमी कोनाच्या नंबरावर?"

मी सांगितले.

"त्येंचं लेखी हाय का? तुमीच म्हनता की, समदं लेखी पायजे."

मागच्या बायका खदखदून हसल्या. माझ्याजवळ लेखी काही नव्हते. मी वाद घातला, प्रतिनिधीचा अधिकार समजावून सांगितला, आवाज चढवला. तेवढ्यात पाइप पुढे गेला आणि मी रांगेच्या शेवटी ढकललो गेलो. माझी पाळी आली तेव्हा एक घागर जेमतेम अर्धी भरली आणि पाइपातून हवा येऊ लागली.

संध्याकाळी बाई कारखान्यातून आली. केसांत कापसाची तुसे अडकलेली. तिने एक घागर उचलली, ती रिकामी होती. दुसरी उचलली आणि हलवून पाहिली.

"येवढंच व्हय?"

"एवढेच."

तिने पदर खोचला आणि ती अर्धी घागर कडेवर घेतली. "उद्या म्होरं हुबं ऱ्हावा," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.