घराकडं बोट

आणे पठारावरच्या वस्तीशाळेत हौशीराम गुरुजींनी दिशा कधी फळ्यावर शिकवल्या नाहीत. फळा भिंतीला, भिंत एकाच बाजूला, मग पोरांना चारी दिशा कळणार कशा, असं त्यांचं सरळ म्हणणं. ते पोरांना मैदानात काढत, डोळ्यांना रुमाल बांधत, जागच्या जागी तीन गिरक्या घ्यायला लावत आणि शिट्टी फुंकत. रुमाल काढून पोरानं आपल्या घराकडे बोट करायचं आणि दिशेचं नाव ओरडायचं. चुकला की बाद. वस्तीवरची घरं ज्याच्या त्याच्या रानात विखुरलेली, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून भागत नसे. गुरुजी स्वतः मात्र या शाळेतल्या अकरा वर्षांत एकदाही खेळले नव्हते. ते खेळले तर शिट्टी कुणी फुंकायची?

एप्रिल संपत आला होता आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. उद्या शाळेमागची भाड्याची खोली रिकामी करायची होती, पण सामान न्यायचं कुठे हे काही ठरत नव्हतं. आपल्या गावचं, खोडदचं, घर त्यांनी बायको, साळुबाई, गेल्यावर विकलं होतं, मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी. तो मुलगा, सुदर्शन, फोनवर म्हणाला होता, "या की आप्पा. हॉलमध्ये करू काहीतरी सोय." ते 'काहीतरी' गुरुजींना काट्यासारखं सलत होतं. टेम्पोवाला तय्यब तर विचारून विचारून थकला होता.

खेळ सुरू होणार तेवढ्यात चौथीतली हर्षाली पुढे आली. "गुरुजी, आज तुमी खेळा. शिट्टी मी वाजिवते."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत बयेनं रुमाल बांधलासुद्धा. गुरुजींनी गिरक्या घेतल्या. शिट्टी वाजली. रुमाल काढला तर सकाळचं ऊन पाठीवर होतं. म्हणजे समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर. त्यात काय चुकायचंय? पण हात वर होईना. खोडदकडे करावा, तर तिथल्या दाराला आता दुसऱ्याचं कुलूप. पुण्याकडे करावा, तर पोरांसमोर खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

"गुरुजी बाद! गुरुजी बाद!" पोरांनी एकच गिल्ला केला. "लई सोप्पं व्हतं की, गुरुजी!"

गुरुजी हसले आणि बाद झालेल्या पोरासारखे लिंबाखाली जाऊन बसले. इतकं एकटं त्यांना साळुबाईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं. मैदानात दुसरा डाव सुरू झाला. पहिलीतलं चिमुरडंसुद्धा रुमाल सुटायच्या आत घराकडे बोट करत होतं.

तेवढ्यात तय्यबचा फोन आला. "गुरुजी, आता तरी सांगा. सामान कुठं टाकायचं?"

"पुण्याला," गुरुजी म्हणाले.

"पुणं लई मोठं हाय. पुण्यात कुठं?"

गुरुजींनी खिशातून सुदर्शननं लिहून दिलेली चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि आपल्या घराचा पत्ता अक्षर अक्षर लावत वाचून दाखवला.