पाळ देवळापाशी संपते

माझ्या बापाचं पान वाढून झालं होतं. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. त्याने बट्टीचा एक तुकडा मोडून जमिनीवर ठेवला. तो धरतीचा. दुसरा तोंडाकडे नेला, तेवढ्यात मंडळाचा चिटणीस त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ रे. आठे गल्लीना मानसे बसतस."

बाप हसला. त्याला थट्टा वाटली.

"कारभारीले पाट द्या रे," पंगतीतून कोणी म्हणालं. "चांदीनं ताट बी द्या."

पंगत हसली. मग बाप हसायचा थांबला.

"तुमनं पान तठे शे, लिंबखाले," चिटणीस म्हणाला.

"काम संगे करं ना दादा. मंग खानं बी संगे."

"काम करं, त्यानी बट्टी भेटी ऱ्हायनी ना? ऊठ."

बाप उठला नाही. चिटणिसाने पायाने पान सारलं. वरण मातीत गेलं. मग बाप उठला. त्याच्यामागे आमच्या वस्तीतले आम्ही सगळे उठलो, लिंबाखाली गेलो आणि तिथे जेवलो. भूक लागली होती.

आमचं गाव गोमाईच्या काठी, लोणखेड्याच्या अलीकडे. तेव्हा जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत. मोठी गल्ली नदीला लागून होती. तिच्या टोकाला मारुतीचं देऊळ, देवळाच्या पलीकडे उतारावर आमची भिलाटी, भिलांची वस्ती. बाप भिलाटीचा कारभारी होता. म्हणजे भांडण सोडवायचं, माणसं गोळा करायची, साहेब आला की पुढे उभं राहायचं. मी गल्लीतल्या एका पाटलाकडे सालदार होतो, वर्षाच्या बोलीवर राबायचो.

पावसाळ्यात गोमाई गल्लीत शिरायची. त्या वर्षांत गावोगाव सभा होत होत्या, डोक्यावर पांढऱ्या टोप्या आल्या होत्या. गल्लीने सुधारणा मंडळ काढलं. माझा मालक अध्यक्ष झाला. त्याने देवळाच्या ओट्यावरून भाषण केलं. सरकारकडे किती दिवस हात पसरायचे, शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी राबायचं, नदीला दगडमातीची पाळ घालायची, जो राबेल तो मंडळाचा. आम्ही ओट्याखाली उभे होतो. बापाने मान हलवली. त्याला हे सगळं ओळखीचं वाटलं.

आमच्यात लाहा असते. कुणाला घर उभं करायचं असलं, शेत निंदायचं असलं, की तो वस्तीला बोलावतो. मजुरी नाही. दिवसभर सगळे राबतात, मग घरधन्यासकट एका रांगेत बसून जेवतात. ज्याच्या शब्दावर माणसं आली, तो रांगेत पहिला बसतो. बापाला वाटलं, गल्लीने लाहा बोलावली आहे. तो घरोघर तसंच सांगत फिरला. म्हणून त्या दिवशी तो पंगतीच्या तोंडाशी बसला. त्याची चूक एवढीच.

होळी झाल्यावर काम सुरू झालं. नदीतले दगड भिलाटीने वर काढले. बायांनी माती वाहिली. गल्लीतली माणसंही आली, हे नाकारत नाही. सकाळी येत, टोपल्या उचलत, ऊन चढलं की सावलीत बसून आम्हाला दगड कुठे ठेवायचे ते सांगत. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पाळ पुरी झाली आणि मंडळाने जेवण दिलं.

लिंबाखालून मला पाळ पहिल्यांदा सबंध दिसली. दगड वाहताना नजर पायाखाली असते. तिथे बसल्यावर दिसलं की पाळ देवळापाशी येते, गल्लीकडे वळते आणि संपते. पुढे उतार. उतारावर आम्ही.

दुसऱ्या दिवशी बैल जुंपताना मी मालकाला विचारलं, "मालक, पाळ पुढे कव्हय लेवानी?"

"पुढे काय शे रे?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. "देऊळ लगून गाव शे." त्याच्या लेखी गाव देवळापर्यंतच होतं.

अखाजीला सालदारकी नव्याने ठरते. मी पुन्हा त्याच्याकडेच राहिलो. दुसरीकडे जाण्यासारखं काही नव्हतं.

श्रावणात पूर आला. पाळ टिकली. गल्लीत पाणी शिरलं नाही. अडलेलं पाणी देवळाच्या कोपऱ्यावरून वळलं आणि भिलाटीत आलं. पूर्वी ते गल्लीत पसरायचं, आमच्यापर्यंत घोटाभर पोचायचं. या वेळी कुडाच्या भिंती गेल्या, कणग्या गेल्या, दावणीची बकरी दावणीलाच मेली. माझ्या आईने छपराचा वासा धरून ठेवला होता. तो तिच्या हातात राहिला, छप्पर गेलं.

गल्लीत मंडळाने गूळ वाटला. एकजुटीचं फळ, असं मालक म्हणाला. मीही त्याच्या गोठ्यात उभा होतो. माझ्या हातावर गूळ ठेवला गेला. मी तो बैलाला दिला.

बाप त्यानंतर कुणाला लाहा बोलावायला गेला नाही. घरं ज्याने त्याने आपापली उभी केली.

पुढच्या होळीनंतर चिटणीस भिलाटीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"कारभारी, पाळले डागडुजी करनी शे. तुमना मानसे धाडा."

बापाने फेटा घेतला. मी पाहत होतो. ज्याने पान पायाने सारलं, त्याच्यासाठी माझा बाप पुन्हा माणसं गोळा करायला निघाला होता. मी त्याच्या हातातून फेटा काढून घेतला.

"आते कोनी येवाव नही," मी म्हणालो.

"गावना कामले ना म्हनस?" चिटणीस म्हणाला.

"गाव देऊळ लगून शे. मना मालकनीच सांगेल शे."

"अखाजीले तुले कोन ठेवी, ते देखू."

"देखा."

त्याच दिवशी मी घरोघर गेलो. बापासारखं बोलणं मला येत नव्हतं. एवढंच सांगितलं, पाळ घालायची, आपल्यासाठी, देवळापासून पुढे. बाया आधी निघाल्या. संध्याकाळी नदीच्या वाळूत रांग बसली. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. बाप माझ्यामागे बसला. मी त्याला पुढे बोलावलं. तो आला नाही. पंगतीच्या तोंडाशी तो पुन्हा कधीच बसला नाही. ते त्या चिटणिसाने कायमचं नेलं.

पाळ कमरेइतकी झाली, तेव्हा मालक पाहायला आला. त्याने उतार पाहिला, आमची पाळ पाहिली, मग नदीच्या पलीकडे पाहिलं. पलीकडे त्याचा ऊस होता.

"आठे बांधशात, तं पानी कोठे जाई?"

गेल्या वर्षी हे कुणी विचारलं नव्हतं. गल्लीने नाही, मंडळाने नाही, त्याने नाही. मी टोपली डोक्यावर घेतली. अखाजीला मी त्याच्या दारात गेलो नाही. त्या वर्षी अर्धपोटी राहिलो, पुढेही राहायची तयारी होती. मनात एकच होतं, ही पाळ कुणाच्याही उसासाठी थांबणार नाही. आणि ज्या पंगतीत माझ्या बापाचं पान नाही, तिच्यासाठी भिलाटीतून एक दगडही उचलला जाणार नाही.