उजव्या अंगठ्याचा खटका

खंडेनवमीला पाटलाच्या ओट्यावर माझ्या डाव्या हातावर काठी बसली.

पाटावर शस्त्रं मांडली होती. तलवार, भाला, दोन नळीची बंदूक. पिस्तूल तेवढं घरात राहिलं होतं. आबा पाटलांनी मला ते आणायला सांगितलं. त्यांच्या पोरानं, दौलतनं, दारातूनच माझ्या हातात दिलं, अन् मी घेऊन आलो. ज्या हातानं मी विळा धरतो, बैल सोडतो, पाणी काढतो, त्याच हातानं.

"कोनता हातमा देवी धरी रे, डावऱ्या?" आबा ओरडले. मी काही बोलायच्या आत काठी मनगटावर. पिस्तूल पाटावर पडलं. मग गोमूत्र आणलं. पिस्तुलावर शिंपडलं, पाटावर शिंपडलं, अन् उरलेलं लांबूनच माझ्या अंगावर फेकलं. पाहुणे हसले. माझा बाप त्यांचा सालदार. तो खाली बैलांपाशी उभा होता. तोही हसला. हसला म्हणजे दात दाखवले. मालक हसले की सालदारानं तोंड वाकडं करून कसं चालेल?

मग दौलत पुढे आला अन् पिस्तुलाला कुंकू लावलं. डाव्या हातानं. हो, डाव्याच. तो माझ्यासारखाच जन्माचा डावरा. जळगावचे एक पाहुणे म्हणाले, "धाकले मालक डावखुरे वाटतं?" आबांनी मिशीवर ताव दिला. "डावरा मानूस नशीबवान ऱ्हास," म्हणाले.

तेव्हा मी सतरा-अठराचा असेन. दौलत एखाद वर्षानं मोठा. त्याच संध्याकाळी तो गोठ्यात आला. माझं मनगट सुजलं होतं. त्यानं ते हातात घेतलं, दाबून पाहिलं. मालकाच्या पोरानं माझा हात हातात घ्यायची ती पहिलीच वेळ. म्हणाला, "आबांचं मनावर घेऊ नकोस. आपण दोघं एका जातीचे रे. डावऱ्यांची जात." अन् म्हणाला, चारचौघांत नको, पण एकटे असलो की त्याला दौलतभाऊ म्हणायचं नाही, नुसतं दौलत म्हणायचं.

मी पाघळलो. का नाही पाघळणार? शाळेत मास्तरनं माझा डावा हात खिडकीच्या गजाला बांधला होता. उजव्यानं पाटीवर गिरगटलं की छडी. सहा महिन्यांत शाळा सुटली, अक्षर आलंच नाही. दौलतलाही डावाच हात चालायचा. पण त्याच्यासाठी शिकवणीचे मास्तर घरी यायचे. त्यांनी गोडीगुलाबीनं, गुळाचा खडा देऊन, त्याला उजव्यानं लिहायला शिकवलं. लिहिणं अन् जेवणं उजव्यानं. बाकी बठ्ठं डाव्यानं. त्याला कुणी कधी डावऱ्या म्हटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो मला गिरणा नदीच्या काठी घेऊन गेला. पिस्तूल बरोबर. परवाना आबांचा, पण हौस ह्याची. जळगावचा कुणी उस्ताद त्याला शिकवून गेला होता अन् ते शिकणं सगळं उलटं पडत होतं. पिस्तूल केलंय उजव्यांसाठी. गोळी अडवणारा खटका डाव्या अंगाला, उजव्या हाताचा अंगठा जिथं टेकतो बरोबर तिथं. डाव्या हातात धरलं की आपला अंगठा पलीकडे, कोऱ्या लोखंडावर. तिथं काहीच नाही. उस्ताद म्हणाला होता, हात बदला. दौलतला ते जमेना. डोळाही डावाच ना त्याचा!

"आधी तू उडव," दौलत म्हणाला.

मी उडवली. बाभळीला टांगलेलं मडकं तसंच राहिलं, अन् तापलेलं रिकामं काडतूस उडून माझ्या गालाला चटका देऊन गेलं. ते उजवीकडून बाहेर फेकलं जातं. उजव्यानं उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपलं तोंड मात्र नेमकं त्याच्या वाटेत. आईशप्पथ सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. दौलत पोट धरून हसला अन् मीही हसलो.

मग आम्ही शोधत गेलो. मान डाव्या खांद्यावर टाकली की काडतूस तोंडापुढून निघून जातं. दौलत ते विसरायचा, म्हणून त्याच्याही गालावर डाग पडले. पिस्तुलाचं चामडी पाकीट उजव्या कमरेचं. ते डावीकडे बांधलं की मूठ पुढे येते, मग मनगट उलटं करून उपसायचं. खटक्याचं तेवढं जमेना. चापावरचं बोट मागे ओढून त्यानं खटका पाडायचा अन् तेच बोट परत चापावर. एकदा ते करताना माझं बोट घसरलं, गोळी माझ्याच दोन पायांमधल्या वाळूत घुसली. त्या दिवसापासून मी खटका उजव्या हातानं पाडायला लागलो. वेळ लागतो, पण चापावर बोट जात नाही. दौलतला म्हटलं, तूही असंच कर.

"दोन-दोन हात? बायकांसारखे?" तो म्हणाला. बोटानंच पाडायचा. झटक्यात. त्याला ऐट वाटायची.

अख्खा हिवाळा असा गेला. नवं काही करायचं झालं की आधी माझा हात, आधी माझा गाल. नीट जमलं की मग त्याचा. मी येडा, मला वाटायचं जिगरी दोस्त आहे. घरी आईला म्हणायचो, दौलत माझ्याशिवाय नदीवर जातच नाही.

मग तो दिवस आला. भुईमुगात डुकरं शिरत होती. दिवस कलताना आम्ही बांधावर बसलो, पिस्तूल दौलतच्या डाव्या हातात. मागे काटेरी कुंपण खसखसलं. दौलत गर्रकन वळला. बोट खटक्यावर, खटक्यावरून घसरून थेट चापावर. बार झाला. अन् कुंपणामागून माणूस ओरडला.

भिका नाना. पाटलाच्याच रानाचा राखणदार. पाण्याची घागर घेऊन येत होता बिचारा. गुडघा फुटला होता. घागर पडलेली, त्या पाण्यात रक्त.

दौलतचं तोंड पांढरंफट्ट. तो माझ्याकडे वळला अन् पिस्तूल माझ्यापुढे केलं. "धर," म्हणाला.

मी धरलं.

का धरलं? अरे, मालकानं दिलं की घ्यायचं! लहानपणापासून हेच अंगात भिनलेलं. टोपली दिली घे, जोडा दिला घे, शिळी भाकर दिली घे. हात आपोआप पुढे गेला, तोही डावाच. पलीकडच्या वावरातली माणसं धावत आली तेव्हा पिस्तूल माझ्या हातात होतं अन् दौलत भिका नानाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

सकाळी भडगावहून फौजदार आला. ओट्यावर गादी, चहा. भिका नानाला खाटेवर आणलं. फौजदारानं विचारलं, कुणी मारली? नानानं माझ्याकडे पाहिलं. मग दौलतकडे. मग छपराकडे. "डावा हात दिखना माले, सायेब. तोंड नही दिखनं."

"डावखुरा कोण आहे तुमच्यात?"

गावातलं शेंबडं पोरही सांगेल की दोघं. ओट्याखाली सगळा गाव जमलेला. कुणी तोंड उघडलं नाही. दौलत पुढे झाला, म्हणाला, "मी नको म्हणत होतो. ह्यानं माझ्या हातातून ओढून घेतलं." जबाब लिहिला गेला. त्यानं टाक उचलला अन् खाली सही केली. उजव्या हातानं, वळणदार. फौजदारानं त्या हाताकडे बघून मान हलवली.

मी ओरडलो, "तोही डावरा आहे! त्याच्या गालावरचे डाग बघा, माझ्या गालावर आहेत तसेच!" फौजदारानं बघितलं नाही. मी दौलतकडे पाहिलं. माझ्या मनगटाची सूज दाबून पाहणारा हाच तो. तो टाक पुसत होता.

अन् तेव्हा माझा बाप उठला. माझा हात धरून त्यानं वर केला. "हाऊच डावऱ्या शे, सायेब. बठ्ठा गावले मालूम शे."

काठी लागली तेव्हा नव्हतं दुखलं एवढं.

त्या क्षणी डोक्यात लख्ख झालं. डावऱ्यांची जात-बीत काही नसते. जात मालकाची असते अन् गड्याची असते. मी त्याचा दोस्त कधी नव्हतोच. नव्या बैलाला आधी दुसऱ्याच्या गाडीला जुंपून बघतात, ती दुसऱ्याची गाडी मी होतो. पिस्तूल डाव्या हातात कसं बसतं ते माझ्या हातावर बघून घेतलं. आता गुन्हाही माझ्या हातावर बसवून बघत होते. गरज सरो, वैद्य मरो.

आबा पाटील मला बाजूला घेऊन गोड बोलले. कबूल कर, चुकून उडाली म्हण. दोन-चार महिने होतील, मी सोडवून आणीन. तुझ्या बापाला नदीकडचा तुकडा देईन. बाप पाया पडायला लागला. माझ्या! "आंगठा दी टाक रे भाऊ. पाणीमा ऱ्हाईसन मासासंगे वैर करता येस का?"

माझ्या नावचा जबाब लिहून तयार होता. शाईची डबी पुढे आली. हवालदारानं माझा डावा हात पुढे ओढला. तेव्हा कळलं, सरकारला पुरुषाचा डावाच अंगठा लागतो. देवीला चालत नाही, पाटीला चालत नाही, गुन्ह्याला मात्र हाच हात लागतो! मला हसू आलं. खरंच हसलो. मग मूठ वळली.

"मी आंगठा देस नही," म्हटलं. "गोळी त्यानी मारी."

हवालदारानं बोटं उकलायचा प्रयत्न केला. मग पट्टा काढला. मग बुटाची टाच. करंगळी मोडली, ती आजही सरळ होत नाही. मूठ उघडली नाही. मला भडगावला नेलं, कोठडीत घातलं, तिथंही उघडली नाही. माझा अंगठा नसेल तर वरच्या साहेबापुढे दौलतला उभं करून विचारावं लागणार. परवान्याचं पिस्तूल पोरांच्या हाती कसं गेलं हेही निघणार. मग आबांनीच प्रकरण मिटवलं. डुकरावर उडवलेली गोळी चुकून लागली, कुणी उडवली ते कळलं नाही, असं काहीतरी लिहिलं गेलं.

मी सुटलो त्या दिवशी दौलत बैलांची दमणी घेऊन आला होता. "बस," म्हणाला. "आबांना मी समजावलंय. ये परत, पहिल्यासारखा."

"आधी भिका नानाच्या खाटेपाशी चल," मी म्हटलं. "गाव गोळा कर. म्हण, गोळी मी मारली. मग बसतो."

"डोकं फिरलंय का तुझं? झालं गेलं ना आता!"

"झालं तुझं. नानाचा पाय गेलाय."

त्यानं बैलांना कासरा मारला. तो गेला. मी चालत जळगावला आलो, सरकी काढायच्या कारखान्यात लागलो. बापानं निरोप धाडला, पाटलाची माफी माग. मी उलटा निरोप धाडला की माझा बाप त्या ओट्यावर मेला.

भिका नाना अजून लंगडतो. गावात अजून म्हणतात, डावऱ्यानं मारलं, अन् डावऱ्या म्हणजे मी. दौलत आता सभांना जातो, पांढरे कपडे घालतो. परवा कारखान्याच्या फाटकावर आला होता, मजुरांपुढे भाषण करायला. म्हणाला, आपण सगळे एक. मी गर्दीत पुढे गेलो अन् विचारलं, "भिका नानाला लंगडं कुणी केलं?" लोकांनी मला मागे ओढलं.

ओढू देत. तो बोलेल तिथं मी जाणार. भडगावला, धुळ्याला, कुठंही. हेच विचारणार. अन् तो गप्प बसला तर उत्तर मीच देणार, त्याचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट घेऊन, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.