थंडीत बंद पडणारी सवत

मला सवत नाही, असं गावातल्या बायका म्हणायच्या. त्यांना काय माहीत! माझी सवत काळीभोर होती, चार चाकांची होती आणि ब्राह्मणपुरीच्या मालकांच्या खळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहायची. आमचे हे तिचे ड्रायव्हर. मोटार मालकांची, पण जीव ह्यांचा. आम्ही त्याच खळ्यातल्या एका खोलीत राहायचो, म्हणजे तिचं तोंड बघितल्याशिवाय माझा दिवस उगवत नसे.

हिवाळ्यात चुलीवरचं पहिलं गरम पाणी तिचं. रेडिएटरात ते मी ओतायचं. माझ्या आईने शिवून दिलेली गोधडी रात्रभर तिच्या बॉनेटवर, आणि मी घोंगडीत कुडकुडायची. "थंडी वाजस तिले," हे म्हणायचे. माझे दात वाजायचे ते ह्यांना कधी ऐकू आले नाहीत.

त्या वर्षी दिवाळी सरली, थंडी पडली आणि बाईसाहेबांचे नखरे सुरू झाले. हँडल मारलं की चालू व्हायची. ॲक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवला तर नीट बोलायची. पाय काढला की आचके द्यायची आणि गप्प. एकदा चांगली तापली की मग दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

ह्यांनी काय नाही केलं! प्लग काढून घासले. पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून ते माझ्या धुवट लुगड्यातून गाळलं. कार्बुरेटर उघडून त्याच्या बारीक भोकात इतक्या फुंकरी मारल्या, की तेवढ्यात माझी चूल पेटली असती. मग नंदुरबारहून मिस्त्री आणला. तो पोचला भर दुपारी, तोवर गाडी मालकांना शहाद्याला नेऊन आणून तापलेली. मिस्त्रीपुढे ती अशी चालत राहिली, की शेजारीण आल्यावर गोड बोलणारी सूनसुद्धा लाजावी. "काहीच व्हयेल नही तिले," असं म्हणून मिस्त्री जेवला आणि गेला. ह्यांचं तोंड उतरलं. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

माघात मालकांच्या मुलाचं लग्न निघालं. वऱ्हाड अक्कलकुव्याला जायचं, तेही सकाळी लवकर. नवरदेव मोटारीत बसला की बायका ओवाळणार, मारुतीपुढे गाडी थांबणार, चाकापुढे नारळ फुटणार. एवढा सगळा वेळ इंजिन जागच्या जागी चालू राहायला हवं. आमच्याकडे नवरदेव बसल्यावर वाहन अडलं तर अपशकुन. मग ती बैलगाडी असो नाहीतर मोटार. मालकांनी ह्यांना चार माणसांत सांगितलं, "नवरदेव बसना आनि गाडी बंद पडनी, ते मी सुरतहून दुसरा ड्रायव्हर आनसू."

खळ्यातली सगळी माणसं ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्या मनात मात्र वाजंत्री सुरू झाली. माहेरी, कोरीटला, माझे वडील कधीपासून म्हणत होते, या इकडे, शेती बघा. तिथे बैल होते. बैलाचा मला कधी मत्सर वाटला नाही. बैलाला कोणी गोधडी घालत नाही.

लग्नाच्या सकाळी मी नेहमीसारखी पाण्याची कळशी घेऊन गेले. हे मडगार्डवर डोकं टेकून उभे होते. डोळे ओले. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी मरणाच्या दारात होते, तेव्हा हा माणूस रडला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाणी ओतायला लागले. बॉनेट उघडंच होतं. हे डोळे पुसून आत जाऊन बसले आणि थंड गाडी चालू करताना ओढतात ते चोकचं बटण ओढलं.

तेव्हा मी ते बघितलं. बटण ओढलं की कार्बुरेटरच्या अंगाची एक बारीक दांडी खाली यायची आणि वाऱ्याचं झाकण मिटायचं. ती दांडी आली, पण अर्ध्यातच अडकली. मध्ये काळ्या दोऱ्यात बांधलेला बिब्बा होता, आमच्याकडे नजरेसाठी बांधतात तसला. झाकण अर्धं उघडं. हे बटण ओढायचे तेव्हा आत बसलेले असायचे, आणि पुढे येऊन बघायचे तेव्हा बटण परत लोटलेलं असायचं. बघणार कोण?

मला चूल ठाऊक. थंड चुलीला नुसता वारा लागला की जाळ विझतो, तिला आडोसा करावा लागतो. एकदा रसरसली की तोच वारा चालतो. बाईसाहेबांचं दुखणं एवढंच होतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. तिकडे नवरदेवाला हळद-पाणी चाललं होतं. गप्प बसले की सवत माझ्या आयुष्यातून जाणार, तीही आपल्या पायांनी.

पण मग मला कोरीट दिसलं. हे बांधावर बसलेत, लांबून रस्त्यावर कुठलीतरी मोटार वाजली आहे आणि ह्यांनी मान वर केली आहे. जन्मभर हेच. तिथे तर ती कधी बंदही पडणार नाही, कधी म्हातारी होणार नाही. डोळ्यांसमोरची सवत परवडली, आठवणीतली नको. आणि सुरतेचा कोणी उपटसुंभ येऊन तिच्यावर हात फिरवणार? कशीही असली तरी ती आमच्या घरची होती.

"ओ, खाले उतरा," मी म्हणाले. "बटन तसंच ऱ्हाऊ द्या. आठे दखा."

ह्यांनी बघितलं आणि तोंडाचा आ तसाच राहिला.

"हाऊ बिब्बा कोनी बांधा?" मी विचारलं.

"मीच. दसराले. पूजा करी तवय."

"कसाले?"

"तिले नजर लागाले नको म्हनीसन."

"कोन्ही नजर?"

हे चाचरले. मग खाली बघून म्हणाले, "तुन्ही." म्हणजे माझीच!

मी दोरा दातांनी तोडला. ह्यांनी चोक ओढला, हँडल मारलं आणि पाय काढूनही गाडी घुमत राहिली. बायकांनी ओवाळलं, नारळ फुटला, नवरदेव गेला. मी बिब्बा मुठीत घेऊन धुळीत उभी. ह्यांनी वळून एकदाही बघितलं नाही. बघत होते, पण बॉनेटकडे.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परतलं. मी ह्यांना ओट्यावर बसवलं आणि तोच बिब्बा ह्यांच्या दंडाला घट्ट बांधला.

"हाई कसाले?"

"मन्ही नजर लागाले नको म्हनीसन. आते ती तुम्हनावरच ऱ्हाई."

हे हसले. किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, जिंकले. मग ह्यांनी दंडाकडे बघितलं, छपराखाली उभ्या गाडीकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, "मंग आते तिले काय बांधू?"