ताब्यातलं घर

मानवतला माझ्या समोर राहणारे ते नवरा-बायको कधी एकत्र बाहेर पडत नसत. लेखी सौदा करून त्यांनी घराचा ताबा घेतला, पण खरेदीखत होण्याआधीच मालक वारला आणि त्याच्या मुलांनी घर परत मागितलं. ‘सौदापत्र आणि ताबा, हाच तुमचा बचाव,’ असं वकिलाने बजावलं होतं. दूध घेऊन परतताना नवरा रस्त्यातूनच बायकोला विचारत असे, ‘हायस का?’ आतून ‘हाय’ आलं की मगच पायरी चढे.

मागच्या महिन्यात त्यांची पत्नी वारली. तिरडी उचलली, तरी ते उंबऱ्यातच उभे.

‘काका, चला. अग्नी तुमीच द्यायचा ना?’ पुतण्या म्हणाला.

‘आन् घरात कोण?’

‘मी बसतो,’ मी म्हणालो.

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. ‘तुमाला कुणी पाठवलं?’

मग विस्तवाचं मडकं पुतण्याच्या हाती देऊन त्यांनी आतून कडी लावली.