कोऱ्या कागदावरची सही

डेलमर हॅकबर्थच्या रागाचं ओहायोतल्या त्या गावात कुणाला काही वाटत नसे. तो हवामानाच्या अंदाजावर चिडायचा, चर्चमधल्या पातळ कॉफीवर चिडायचा. उभा जन्म गोठ्यागोठ्यांतून दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली आणि एकही यंत्र शिव्या खाल्ल्याशिवाय चालू झालं नाही. म्हातारा तोंडाचा फाटका पण मनाचा चांगला, असं लोक म्हणत. त्या ऑक्टोबरात मात्र तो खरा पेटला, आणि कारण होतं एक चित्र.

युद्धातल्या विमानांची चित्रं विकणाऱ्यांची एक रीत आहे. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर त्या मोहिमेत उडालेल्या म्हाताऱ्यांच्या सह्या लागतात, त्याही पेन्सिलीच्या, कारण शाई काही वर्षांत उडते. सह्या जास्त तर भाव जास्त, आणि सही करणारा मेला की भाव आणखी चढतो. चित्र व्हायला वर्ष जातं. तोवर म्हातारे टिकतीलच असं नाही. म्हणून आधी कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवतात आणि चित्र मागाहून छापतात. माणूस गेला तरी बेहत्तर, पेन्सिल राहिली पाहिजे! आणि याला हे लोक सन्मान म्हणतात.

क्रेग प्रुइट नावाचा असाच एक प्रकाशक वर्षापूर्वी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन डेलमरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. "तुमच्याच बॉम्बरचं चित्र आहे, मिस्टर हॅकबर्थ." डेलमर खूश झाला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सांधे दुखत असतानाही त्याने दुपारभर सह्या केल्या. चित्रात काय असणार, हे काही विचारलं नाही.

ते कळलं फोनवर, व्हर्ना टीग्सकडून. शेजारच्या जिल्ह्यात राहणारी, एलरॉय टीग्सची धाकटी बहीण.

"शेवटी तूही 'आम्ही वळलो' म्हणायला लागलास की," ती म्हणाली. "वर्तमानपत्रात चित्र आलंय. तुमचं विमान मागे वळलंय आणि माझ्या भावाच्या जळत्या विमानाला सोबत करतंय. खाली तुझं नाव. मग आईला येऊन सांगितलंस ते काय होतं?"

तिने फोन ठेवला.

जर्मनीवरच्या त्या सकाळी डेलमर डाव्या खिडकीतल्या मशीनगनवर होता. शेजारून उडणारं एलरॉयचं विमान पेटलं, मागे पडलं. मागे पडलेल्यासाठी कुणी वळायचं नाही, असा हुकूम होता. वळला तर दोन्ही विमानं जायची. कुणी वळलं नाही. एलरॉय त्याच्या खिडकीतून यांच्याकडे बघत होता, आणि डेलमर ढग मध्ये येईपर्यंत त्याच्याकडे बघत होता. युद्ध संपल्यावर तो टीग्स मंडळींच्या घरी गेला आणि त्या माउलीच्या तोंडावर म्हणाला, "आम्ही वळलो नाही." आयुष्यात त्याने याहून अवघड काम केलं नव्हतं. आणि आता कुणी रंगाचे डबे घेऊन बसला नि त्याच्याच नावाखाली त्यालाच खोटं पाडून मोकळा झाला!

त्याने प्रुइटला फोन केला. प्रुइट मधाळ आवाजात म्हणाला, "हकिकत तुमच्या नॅव्हिगेटरनेच सांगितली, मिस्टर स्टोल्ट्झनी. शिवाय लोकांना आशेचं चित्र हवं असतं हो."

मग मर्विन स्टोल्ट्झला फोन. "मर्विन, आपण कधी वळलो रे?"

"चित्र आहे ते, डेल. साठ वर्षं झाली. कुणाचं काय बिघडतंय?"

"तुझं नाही बिघडणार. तू नकाशात तोंड खुपसून बसला होतास. मी खिडकीत होतो!"

शनिवारी विमान-संग्रहालयाच्या हँगरमध्ये विक्री होती. डेलमर गेला तो कोटाच्या खिशात खोडरबर घालून. टेबलावर चित्रांची चळत होती. तो खुर्ची ओढून बसला, वरचं चित्र पुढे घेतलं आणि आपलं नाव खोडायला लागला.

"अहो, काय करताय!" प्रुइट धावला आणि त्याने डेलमरचा दंड धरला.

"माझं नाव आहे. मी लिहिलं, मीच पुसतोय. हात लावलास तर बघ."

विक्रीला आलेला मर्विन लांबूनच बघत राहिला. डेलमरने एक पुसलं, दुसरं पुसलं, तिसरं घेतलं. रांगेत कुजबुज झाली. मग वैमानिकांचं जाकीट घातलेला, उभ्या जन्मात विमान न चालवलेला एक गृहस्थ पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "सर, माझ्या प्रतीवरचं माझ्यासमोर पुसाल का? फोटो काढतो. पुसलेली सही दुसऱ्या कुणाकडे नसेल."

मागून आणखी दोघे म्हणाले, "आमचंही!" प्रुइटने डेलमरचा दंड सोडला आणि पुसलेली चित्रं हळूच वेगळी काढून ठेवली.

डेलमरच्या कानशिलांवरच्या शिरा तट्ट फुगल्या. त्याने त्या गृहस्थाची प्रत ओढली, पेन्सिल उचलली आणि चित्रातल्या निळ्या आभाळावर आडवं लिहिलं: "आम्ही वळलो नाही. एलरॉय टीग्स एकटा गेला." पेन्सिल मोडेपर्यंत दाबून लिहिलं.

"वा! खाली तारीखही घाला ना, सर," तो गृहस्थ म्हणाला.

"चालता हो!" डेलमर असा ओरडला की हँगरच्या पत्र्याने दोनदा ऐकवलं.

तेवढ्यात त्या गृहस्थाच्या हातातलं चित्र कुणीतरी काढून घेतलं. व्हर्ना होती. डेलमर आणि मर्विन, दोघांना जाब विचारायलाच ती आली होती. तिने आभाळावरची ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मर्विनही आला होता तेव्हा आमच्याकडे, तुझ्या आधी," ती म्हणाली. "आम्ही वळलो, शेवटपर्यंत सोबत होतो, म्हणाला. आईने त्याला मांसाचं रोस्ट करून घातलं, दोन दिवस ठेवून घेतलं. मग तू आलास. तुला साधं पाणी विचारलं नाही कुणी. दार मी लावलं तुझ्या तोंडावर."

"माहीत आहे. मी दाराबाहेरच होतो."

"साठ वर्षं तुलाच खोटा म्हणत आले मी, डेलमर."

डेलमरला खूप काही बोलायचं होतं. त्यातलं काही चांगलं नव्हतं. राग काही उतरला नाही.

"मग आता पाज पाणी," तो म्हणाला. "बराच वेळ उभा आहे मी."